मस्करीची कुस्करी का होते?

‘‘अगं, मस्करी केली! एवढं काय मनावर घेतेस?’’ हे वाक्य कधीच बोललं गेलं नाही, असं घर सापडणं कठीण आहे. नीट पाहिलंत तर लक्षात येईल की हे वाक्य नेहमी फसलेल्या विनोदानंतर येतं. जमलेल्या विनोदाला असं शेपूट लावावं लागत नाही. तिथे सगळे हसतात आणि पुढचा घास घेतात. विनोद फसला की मात्र सगळे गप्प होतात, कोणीतरी ताटातली भाजी उगाच चिवडत बसतं आणि ज्याला लागलं त्याच्यावरच ‘तुला विनोदबुद्धी नाही’ असा ठपका येतो.

मी नोएडात कंटेंट रायटर आहे. रोज दोन-चार हलकीफुलकी वाक्यं लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग. एखाद्या वाक्यावर अख्खी टीम हसते, तर एखाद्या वाक्यानंतर फक्त एसीचा आवाज ऐकू येतो. असं का होतं, हा प्रश्न मला ऑफिसात पडतो, पण त्याची उत्तरं बऱ्याचदा घरात, नाटकात आणि जुन्या पुस्तकांत सापडतात.

आधी भाषा एक हवी

मिटिंगमध्ये एखादा हिंदी भाषक सहकारी गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘‘हम पूरी चेष्टा करेंगे,’’ तेव्हा मला हसू आवरत नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. तो बिचारा मनापासून प्रयत्न करण्याचं वचन देत असतो आणि मला ऐकू येतं की आता क्लायंटची मनसोक्त खिल्ली उडणार. हा विनोद मी समजावून सांगितला की समोरचा मान हलवतो आणि ‘‘अच्छा, अच्छा’’ म्हणतो. हसत मात्र नाही. तोच विनोद पुण्याच्या मावसबहिणीला मेसेज केला की पुढच्या क्षणी तिच्याकडून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग येते.

यात सहकाऱ्याचा काही दोष नाही. विनोद दोघांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीवर उभा असतो. ती गोष्ट एकालाच ठाऊक असेल तर आधी धडा शिकवावा लागतो आणि धडा संपेपर्यंत हसण्याची वेळ निघून गेलेली असते. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव रोजचा आहे. आजीच्या कोट्यांवर आईबाबा खो खो हसतात आणि हिंदी-इंग्रजीत वाढलेली नातवंडं एकमेकांकडे बघत बसतात.

मराठीत तर हसण्याच्या जातीही वेगवेगळ्या आहेत. गंमत, कोटी, थट्टा, मस्करी, फिरकी, टिंगल, टवाळी, टोमणा, खवचटपणा, कुचेष्टा. ही यादी वाचता वाचताच गोडवा कमी होत जातो आणि धार वाढत जाते. चेष्टेची कुचेष्टा व्हायला एकच अक्षर पुरतं. आपल्या आधीच्या पिढ्यांना हा धोका चांगलाच माहीत होता, म्हणून तर ‘मस्करीची कुस्करी’ हा शब्दप्रयोग घडला.

हसायला सोबत लागते

हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं की माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे 30 पट चारचौघांत हसतो. गंमत म्हणजे चारचौघांतलं बहुतेक हसणं एखाद्या जोकवर नसतं, साध्या बोलण्यावरच असतं. म्हणजे ‘आपण एकमेकांचे आहोत’ हे सांगण्याची हसणं ही एक पद्धत आहे.

याचा एक सुंदर पुरावा मुंबईत मिळतो. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली अंधेरीच्या एका बागेत अवघ्या पाच जणांसोबत हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला रोज सकाळी आळीपाळीने जोक सांगायचे आणि सगळ्यांनी हसायचं, असा बेत होता. थोड्याच दिवसांत चांगल्या जोकचा साठा संपला. मग अश्लील आणि कोणाला ना कोणाला टोचणारे जोक येऊ लागले, लोक नाराज झाले. तेव्हा डॉक्टरांनी जोकच बंद केले आणि श्वासाच्या व्यायामासोबत नुसतं हसायला सुरुवात केली. ती पद्धत जगभर पोहोचली. आज दिल्लीच्या बागांतही पहाटे दोन्ही हात वर करून हसणारे आजी-आजोबा दिसतात.

या गोष्टीतली मधली पायरी मला फार बोलकी वाटते. साठा संपला की आपण सर्वांत सोपा जोक उचलतो आणि सर्वांत सोपा जोक बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावरचा असतो.

सांगणारा कुठे उभा आहे?

मराठीतले टिकलेले विनोद बघा. चिं. वि. जोशी बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक होते, पण मराठी घरांत त्यांना ओळख मिळाली ती चिमणरावामुळे. चिमणराव आपली फजिती स्वतःच्याच तोंडाने सांगतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’मधला धोंडो भिकाजी जोशी हा साधा कारकून, तोही बदलत्या जगात उडालेली स्वतःचीच तारांबळ सांगतो. 1958 साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये सगळ्या बिऱ्हाडांची थट्टा आहे, पण ती चाळीतल्याच माणसाने केलेली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या बंगलेवाल्याने चाळीकडे बोट दाखवून हसावं, तसं ते हसणं नाही.

म्हणूनच साठ वर्षांनंतरही त्या थट्टेने कोणाला ओरखडा उमटत नाही. सांगणारा ज्यांना हसतोय, त्यांच्याच रांगेत उभा आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून कळतं.

‘अशी ही बनवाबनवी’चंही तसंच आहे. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ 1966 साली आला होता. त्याच कथेवर 1988 साली सचिन पिळगांवकरांनी मराठी चित्रपट केला. मूळ हिंदी चित्रपट आज फार थोड्यांना आठवतो, पण मराठी घरात नुसतं ‘सत्तर रुपये’ म्हटलं तरी तीन पिढ्या एकदम हसतात. चार मित्रांना राहायला जागा नाही, म्हणून दोघं साडी नेसून बायका होतात. इथे हसू येतं ते खोटं सांभाळताना त्यांची उडणारी त्रेधा पाहून. भाड्याच्या घरासाठी घरमालकाचे नखरे झेललेल्या प्रत्येकाला ती त्रेधा आपलीशी वाटते. नोएडात ‘बॅचलर्सना घर देत नाही’ हे ऐकलेल्या माझ्यासारख्या मुलीलासुद्धा.

चित्र तेच, डोळे वेगळे

काही वेळा विनोद करणाऱ्याचा हेतू, त्याची जागा, सगळं तसंच राहतं, पण काळ बदलतो आणि अर्थही बदलतो. याचं मोठं उदाहरण दिल्लीतलंच आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1948 साली दिल्लीत ‘शंकर्स वीकली’ सुरू केलं. पंतप्रधान नेहरूंची या साप्ताहिकात मनसोक्त खिल्ली उडवली जायची आणि तरीही नेहरूंना शंकर यांच्याविषयी जिव्हाळा होता.

शंकर यांनी 1949 साली एक चित्र काढलं. राज्यघटना तयार व्हायला वेळ लागत होता, म्हणून घटना गोगलगाय झाली आहे, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागे नेहरूही चाबूक उगारून उभे आहेत. हेच चित्र 2006 मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात छापलं गेलं. 2012 च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे दोन्ही प्रमुख सल्लागार, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव, यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोडही झाली.

तोडफोड चुकीचीच. पण चित्र बघून दुखावलेल्या सगळ्यांनाच ‘यांना विनोद कळत नाही’ म्हणून झटकता येणार नाही. एकाला त्या चित्रात गोगलगाय दिसते, म्हणजे कामाचा संथ वेग. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी खरोखरचे फटके खाल्ले आहेत, त्याला बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक आधी दिसतो. दोघांच्याही डोळ्यांत बिघाड नाही, ते वेगवेगळ्या वाटांनी त्या पानापर्यंत आले आहेत. विनोदाचा अर्ध्याहून जास्त भाग ऐकणाऱ्याकडे असतो, तो असा.

घरात नेमकं काय बिनसतं?

इंग्रजी साहित्य शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार वाचला होता. हास्यास्पद गोष्टीत काहीतरी वैगुण्य असतं, पण ते वेदना देणारं नसतं. पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरेन या संशोधकांनी 2010 साली जवळपास हेच आजच्या भाषेत मांडलं. नेहमीची चौकट मोडली पाहिजे, पण त्यातून कोणाला धोका नाही असंही वाटलं पाहिजे. चौकट मोडलीच नाही तर विनोद मिळमिळीत होतो. धोका वाटला तर तो टोचतो.

आता हे घरात लावून बघा. जाडेपणावरचा जोक सांगणाऱ्या काकांना त्यात काहीच धोका दिसत नाही. पण वर्गात रोज तेच ऐकून आलेल्या तेरा वर्षांच्या पुतणीला जेवणाचं ताटही सुरक्षित वाटेनासं होतं. सावळ्या मुलीला ‘लाइट गेली तर फक्त दात दिसतील’ म्हणणं, नव्या सुनेच्या पहिल्या पुरणपोळीला ‘डॉक्टरांचा नंबर काढून ठेवा’ म्हणणं, हे सगळं आपण प्रेमाने म्हणतो असं म्हणणाऱ्याला वाटतं. पण सून त्या घरात अजून नवी आहे. तिला उलट जोक मारण्याची मुभा आहे का? सासूबाईंच्या आमटीवर तिने तसंच काही म्हटलं, तर सगळे तितक्याच मोकळेपणाने हसतील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती मस्करी नाही, टोमणाच आहे. फक्त त्याला हसरा मुखवटा आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचे नवरा-बायकोचे जोकही तपासून बघा. बायको कटकटी, बायको खर्चिक, बायको माहेरी गेली म्हणून नवरा खूश. असे शंभर जोक फिरतात तेव्हा ग्रुपमधल्या काकू, माम्या, वहिन्या काय करतात? हसणारा इमोजी टाकतात आणि पोळ्या लाटायला जातात. तो इमोजी हसल्याचा पुरावा मानू नका. पुष्कळदा वाद टाळल्याची ती खूण असते.

चांगली थट्टा कशी ओळखाल?

थट्टा दोन्ही बाजूंनी चालते का, हे आधी पाहा. ज्याची थट्टा होते त्याला परतफेडीचा तितकाच हक्क असेल तर घरातलं वातावरण मोकळं आहे.

माणूस स्वतः बदलू शकत नाही अशा गोष्टींना हात लावू नका. रंग, उंची, आजार, मूल नसणं, गेलेली नोकरी, मोडलेलं लग्न या विषयांवर हसण्याचा पहिला हक्क त्या माणसाचाच. तो स्वतः हसला तर तुम्ही सोबत हसा, पुढाकार घेऊ नका.

पाहुण्यांसमोर घरच्यांची फजिती सांगण्यापेक्षा स्वतःची सांगा. ‘मी पहिल्यांदा दिल्ली मेट्रोत उलट्या दिशेला गेलो’ ही वडिलांनी सांगितलेली गोष्ट मुलांना फार आवडते, कारण मोठी माणसंही चुकतात हे त्यातून कळतं.

आणि तरीही एखाद्याला लागलंच, तर जोक समजावत बसू नका. समजावल्याने तो मजेशीर होत नाही, समोरच्याची जखम मात्र दुसऱ्यांदा उघडते. ‘‘तुला लागलं, मी असं बोलायला नको होतं,’’ एवढं पुरतं. विषय बदलायला मग फार वेळ लागत नाही.

याचा अर्थ घरातली थट्टा बंद करा असा अजिबात नाही. ज्या घरात कोणी कोणाची फिरकीच घेत नाही, ते घर पाहुण्यांच्या खोलीसारखं वाटतं. नीटनेटकं, पण परकं. प्रश्न एवढाच आहे की हसून झाल्यावर ज्याची थट्टा केली, तो माणूस आपल्या अजून जवळ येऊन बसला की उठून आतल्या खोलीत गेला. मुलं हे सगळं बघत असतात. कोणासोबत हसायचं आणि कोणाला हसायचं, हा फरक शाळा शिकवत नाही. तो ती जेवायला बसल्यावर आपल्याकडून शिकतात.