वीज गेली तरी काम थांबत नाही
गंगापूर रोडवरच्या खोलीतून मुंबईच्या सर्व्हरवर काम चालू असताना पावसात वीज जाते, वायफाय तुटतं. टीमक्समध्ये सुरू केलेलं काम मात्र सर्व्हरवर चालूच राहतं. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये लिहायला घेतलेलं हे मुक्तस्रोत साधन मोफत आहे.

उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टीमक्स’ एवढी आज्ञा पुरते. पण ती सर्व्हरवर द्यायची, आपल्या लॅपटॉपवर नव्हे. नवखे इथेच फसतात. नंतर ‘टीमक्स’ टाइप केलं की सत्र उघडतं. कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग डी दाबा: तुम्ही बाहेर, सत्र आत चालू. परतताना ‘टीमक्स अटॅच’. सर्व्हरच रीस्टार्ट झाला, तर मात्र सत्र जातं. फाइल वेळोवेळी सेव्ह करा.