गंज खाऱ्या हवेचा की यार्डातला?

मार्वेच्या जेटीवर उभं राहिलं की समोर मनोरी दिसते. माणूस आणि त्याची दुचाकी फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे जातात. चारचाकीला मात्र भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा. त्यामुळे नवी गाडी वारंवार बिघडू लागली, की मनोरीकराचा वर्कशॉपच्या प्रत्येक खेपेला अख्खा दिवस मोडतो. आणि खालचा पत्रा गंजल्याचं दाखवलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : तुमच्याकडची हवाच खारी, त्याला आम्ही काय करणार?

हे उत्तर ऐकून बरेच जण परत फिरतात. किनाऱ्यावर राहतो, तर गंजाची तक्रार टिकणार नाही, असं त्यांना वाटतं. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो हे खरंच आहे. पण त्याला वेळ लागतो. ताबा घेतला त्याच आठवड्यात गंज दिसत असेल, तर तो गाडीने आपल्यासोबत आणलेला आहे. मग प्रश्न हवेचा उरत नाही. ही गाडी कधी बनली आणि मधल्या काळात कुठे उभी होती, हे विचारावं लागतं.

गोव्यातल्या एका ग्राहकाने नेमकं हेच विचारलं. त्याने 2011 चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि टाटा मोटर्सच्या एका विक्रेत्याने त्याला दिली 2009 ची गाडी : 622 किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, अंगावर ओरखडे असलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 18 फेब्रुवारी 2021 च्या निकालात विक्रेत्याची जबाबदारी कायम राहिली, पण कंपनी सुटली. कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता, आणि विक्रेत्याने केलेला प्रकार कंपनीला ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. ‘कंपनीवर केस टाकली की काम झालं’ या समजुतीला या निकालाने चांगलाच धक्का दिला. दोष कारखान्यातला आहे की शोरूममधला, हे आधी शोधावं लागतं. ते सांगतो गाडीचा इतिहास.

तो कुठे वाचायचा? बराचसा गाडीवरच लिहिलेला असतो. चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. याच नंबरात गाडी कधी बनली याची खूण असते. टायरच्या कडेला कोरलेले शेवटचे चार आकडे पाहा. 2319 असतील, तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. टायर गाडीपेक्षा दोन-चार महिने जुना असणं साहजिक आहे, पण दीड-दोन वर्षांचं अंतर दिसलं तर विचारायला हवं. कागदावर पाहायचं तर विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म 21, आणि आरसी बुक यांत उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. नोंदणीची तारीख ही गाडीची जन्मतारीख नव्हे. या दोन तारखांतल्या फरकातच यार्डातला गंज लपलेला असतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांचा भरवसा एम-परिवहन ॲपवर असतो. नंबर टाकला की सगळा इतिहास समोर येतो, असं मानलं जातं. ॲपमध्ये नोंदणी, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा कळतो. गाडी कुठे ठोकली होती, मीटर मागे फिरवलाय का, गिअरबॉक्स कितीदा उघडला, यातलं काहीही तिथे नसतं. ते अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आणि विम्याच्या क्लेममध्ये सापडतं. डिसेंबर 2022 च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं आणि गाडी कुठे, कशासाठी, किती फिरवली याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद मागायला संकोच करू नये.

वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीला, अशा डबड्याला, अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. 1982 मध्ये कनेक्टिकट राज्याने त्यावर कायदा केला, पुढे बाकीच्या राज्यांनीही केले. भारतात या नावाचा कायदा नाही, म्हणून इथे दादच नाही, हा सर्वांत नुकसान करणारा गैरसमज. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो.

मात्र उलट टोकाची समजूतही चुकीची आहे. वॉरंटीत बिघाड झाला म्हणजे नवी गाडी मिळालीच, असं नाही. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, पूर्ण गाडीचं नाही. एक क्लच गेला म्हणून गाडी बदलत नाहीत. तोच दोष पुन्हा पुन्हा येतो आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवता आलं तर दावा वजनदार होतो.

दाखवायचं कसं? जॉबकार्डाने. त्यावर तारीख असते, किलोमीटर असतात, ग्राहकाची तक्रार आणि केलेलं काम असतं. ‘ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे खेचते’ असं तुम्ही सांगता आणि काउंटरवरचा माणूस ‘जनरल चेकअप’ लिहितो. सही करताना हे दोन शब्द खपवून घेतले, तर ती खेप कागदावर तक्रार म्हणून उरतच नाही. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, गाडी परत घेताना प्रत मागावी, त्याच दिवशी एक ईमेलही टाकावा.

तज्ज्ञाच्या अहवालाचीही अनेकांना धास्ती असते. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण प्रत्येक वेळी ते लागतंच असं नाही. 2015 मध्ये घेतलेली एक ह्युंदाई क्रेटा 2017 मध्ये दिल्ली–पानिपत महामार्गावर धडकली आणि समोरच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मासळी वाहण्यासाठी टेम्पो घेतला म्हणजे आपण ग्राहक नाही, असंही कोळीवाड्यात ऐकू येतं. स्वतः राबून फक्त पोटापाण्यासाठी घेतलेलं वाहन असेल, तर कायदा त्या मालकाला ग्राहकच मानतो.

सगळ्यांत मोठा घात होतो तो मुदतीत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, एवढीच मुदत आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू असला म्हणून ती थांबत नाही. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नये. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते; मनोरी ज्यात येते त्या मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत ते 200 रुपये आहे.