बॉनेटमधली चाळ: गिरगाव ते लालबाग, गाड्यांचे फोटो काढताना

आमच्या रविवारच्या फेरीत नवा मुलगा आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" आम्ही चार-पाच जण. दोघं गिरगावातले, एक परळचा, एक दादरच्या हिंदू कॉलनीतला. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं, कॅमेरा नंतर हाती आला. त्या मुलाला आम्ही उभ्या असलेल्या एखाद्या गाडीपाशी नेतो आणि विचारतो, "बॉनेटमध्ये काय काय दिसतंय, सांग."

तो आधी गोंधळतो. मग सांगू लागतो: आकाश, विजेच्या तारा, समोरच्या चाळीचे कठडे, वाळत घातलेली चादर, आणि मधोमध तो स्वतः, पांढऱ्या टी-शर्टात.

गाडी म्हणजे वाकवलेला आरसा. आपण पत्र्याचा फोटो काढतोय असं वाटतं, पण निम्मा फोटो त्या पत्र्यात उमटलेल्या रस्त्याचा असतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की कॅमेरा, लेन्स, फिल्टर, वेळ यांचे निर्णय सोपे होतात. आणि हो, काळी गाडी टिपायला जाताना गडद रंगाचा शर्ट घाला.

काय टिपायचं, आणि घाई कशाची

वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडू लागली. 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. काळं अंग, पिवळा टप अशी टॅक्सी होऊन ती इतकी वर्षं समोर होती की तिचा फोटो काढावा असं फारसं कोणाला वाटलंच नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांवर जाऊ देत नाहीत, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्याच्या दीड महिना आधी, 15 सप्टेंबरला, बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी झाली होती. त्या दोन महिन्यांत हातात कॅमेरा घेऊन धावणारी माणसं मी पाहिली. मीही त्यांच्यातच होतो. आधीची वीस वर्षं काय करत होतो, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

जुन्या, देखण्या गाड्यांची तशी आबाळ होत नाही. हॉर्निमन सर्कलला व्हिंटेज गाड्यांची रॅली अनेक वर्षं भरत आली आहे, आणि त्या दिवशी गाड्यांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना 2021 च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेजचा दर्जा दिला, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही वेगळी अक्षरंही दिली. माझा आग्रह साध्या गाड्यांसाठी आहे. 1983 मध्ये आलेली मारुती 800 बंद होऊनही दशक उलटलं. ओम्नी, जुनी सँत्रो, गोदामाबाहेर उभा असणारा टेम्पो, यांचे फोटो आज काढा. गल्लीत कोणाची पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असेल तर याच आठवड्यात जा.

प्रकाश कुठून येतो

मरीन ड्राइव्हचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो, म्हणून उजाडल्यावरही बराच वेळ रस्ता सावलीत राहतो आणि डोक्यावर मात्र उजळलेलं आकाश असतं. गाडीसाठी याहून चांगला प्रकाश नाही. आकाशाचा एक लांबलचक मऊ पट्टा टपापासून डिक्कीपर्यंत सरकतो, आणि गाडी घडवणाऱ्यानं पत्र्याला दिलेली वळणं एकेक करून दिसू लागतात. संध्याकाळी हाच रस्ता उलटा होतो: ऊन समुद्रावरून थेट गाडीच्या कुशीवर येतं, क्रोम पेटतं, रंग तापतो. ते चित्रही सुंदर असतं, पण सूर्य टेकण्याआधीची दहा-पंधरा मिनिटंच हाताला लागतात. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, जूनमध्ये सहाला. त्या हिशेबानं पहिली लोकल पकडा.

बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी रिकामी असते. जॉर्ज विटेटच्या आखणीतल्या या भागातल्या इमारती एकाच उंचीच्या, एकाच दगडी वळणाच्या. त्यामुळे दारांवर उमटणारं प्रतिबिंबही शांत असतं, फलकांची खिचडी होत नाही. याउलट फाइव्ह गार्डन्सची झाडं. सावली पाहून आपण खूश होतो, पण पानांतून गळणारं ऊन गाडीवर कवडसे पाडतं आणि रंगाला कोड फुटल्यासारखं दिसतं. तिथे ढगाळ दिवशी जा. लालबागच्या उड्डाणपुलाखाली भर दुपारीही काम होतं: वर काँक्रीटचं छत, दोन्ही बाजूंनी येणारा उजेड. 2011 मध्ये पूल झाला तेव्हा आंबेडकर रोड अंधारला म्हणून आम्ही हळहळलो होतो. पण दुपारी बारा वाजता काळ्या गाडीचा फोटो घ्यायचा असेल तर आज मी तिथेच उभा राहतो.

लेन्स आणि गल्लीची रुंदी

मोबाइल असो वा मोठा कॅमेरा, सर्रास होणारी चूक एकच. लोक गाडीच्या अगदी जवळ जातात आणि रुंद लेन्सनं सगळी गाडी कोंबतात. मग पुढचा दिवा भोपळ्याएवढा होतो, मागचं चाक बशीएवढं. पद्मिनी जेमतेम चार मीटर लांब. ती कुशीवरून, दोन्हीकडे थोडी जागा सोडून टिपायची, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे बारा मीटर मागे जावं लागतं, 50 ला सात, 24 ला साडेतीन. गाडीची खरी ठेवण 50 पासून पुढे दिसू लागते.

आता गिरगावातल्या गल्लीत बारा मीटर कुठून आणायचे? खोताच्या वाडीत गाडी शिरली तरी आपण तिच्या कुशीला चिकटूनच उभे असतो. तिथे कुशीवरून फोटो घेण्याचा हट्ट सोडा. गल्लीच्या लांबीचा उपयोग करा: गाडीच्या पुढे चालत जा, वळून पाहा, नाक आणि एक कूस दिसेल असा तिरका कोन घ्या. मागे लाकडी सज्जे आपोआप येतात. चाकं थोडी वळवून घ्यायला मालकाला सांगा, रिमची बाजू तुमच्याकडे आली पाहिजे, टायरची नक्षी नव्हे. आणि गुडघ्यावर बसा. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आला की जुन्या गाडीला तिचा तोरा परत मिळतो. उभ्यानं काढलेला फोटो विम्याच्या अर्जाला लावायच्या फोटोसारखा दिसतो.

आमच्याकडची सामग्री विचाराल तर फार काही नाही. दहा-बारा वर्षं जुने डीएसएलआर, त्यांच्याबरोबर आलेली 18-55, आणि सगळ्यांकडे एक 50 मिलिमीटर एफ 1.8, जी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाची. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच साधारण 75 ते 80 सारखी वागते, गाडीला अगदी योग्य. 70-200 हवी असेल तर रॅलीच्या दिवशी भाड्यानं आणतो. मोबाइलवाल्यांनी दोनपट किंवा तीनपटची वेगळी लेन्स असेल तर ती वापरावी आणि चार पावलं मागे जावं.

जुना कॅमेरा घ्यायला फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला फेरी मारतात. जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि टॉर्च न्या. लेन्सच्या एका तोंडातून टॉर्च मारून दुसरीकडून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नका.

एक फिल्टर मात्र घ्या

सर्क्युलर पोलरायझर. लेन्सपुढे लावून गोल फिरवायची ही काच, आणि गाडीच्या फोटोत तिच्याइतका फरक दुसरं काहीच करत नाही. काचेवरून किंवा रंगाच्या थरावरून तिरकं परतणारं ऊन बऱ्याच अंशी एकाच दिशेत कंप पावतं. फिल्टर फिरवला की ते अडतं. पुढच्या काचेतलं आकाश विरघळतं आणि आतला डॅशबोर्ड, आरशाला लटकलेली लिंबू-मिरची, चालकानं चिकटवलेला गणपती दिसू लागतो. पृष्ठभागाशी साधारण 35 अंशांचा कोन असेल तेव्हा परिणाम सर्वांत जास्त. अगदी समोरून पाहिलं तर जवळजवळ शून्य.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. क्रोमच्या बंपरवर तो चालत नाही, कारण उघड्या धातूवरून परतणारा प्रकाश तसा वागतच नाही. दुसरं, मागच्या कडक केलेल्या काचेवर कधी कधी निळसर-जांभळे ठिपके उमटतात. काच बिघडलेली नसते, तिच्यातला ताण दिसत असतो. तिसरं, तो एक ते दीड स्टॉप प्रकाश खातो, तेव्हा पहाटे शटर हळू होईल याची तयारी ठेवा.

प्रतिबिंब पूर्ण पुसूही नका. नव्यानं फिल्टर घेतलेला प्रत्येक जण गाडी इतकी कोरडी करून टाकतो की ती प्लॅस्टिकची वाटते. मी काच साफ होईपर्यंत फिरवतो, मग बॉनेटवर थोडं आकाश परत येईपर्यंत उलटा आणतो.

चालती गाडी

सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेली धावती गाडी उभी असल्यासारखी दिसते, चाकाची प्रत्येक तार गोठते. शटर 1/60 वर आणा, गाडीबरोबर कमरेतून वळा, क्लिक झाल्यावरही वळत राहा. ऑटोफोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवा. 1/30 वर पार्श्वभूमी रेशमासारखी ओघळते, पण दहातला एखादाच फोटो हाती लागतो. सरावाला मरीन ड्राइव्हचा रुंद पदपथ उत्तम, गाड्या काटकोनात समोरून जातात. रस्त्याच्या दुभाजकावर चढू नका. आमच्यातला एक जण चढला होता आणि मागून आलेल्या दुचाकीनं त्याची पिशवी ओढत नेली. पिशवीवर निभावलं.

गुढीपाडव्याच्या गिरगावच्या शोभायात्रेत गाड्या माणसाच्या चालीनं चालतात. तिथे 1/15 लागतो, किंवा सरळ वेग विसरून नऊवारीत बुलेटवर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर फोकस करा. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातून झेंडू घेऊन निघालेल्या टॅक्सी आणि बॉनेटवरचे हार टिपताना एक्सपोजर थोडं कमी ठेवा. झेंडूचा केशरी आणि टपाचा पिवळा फार पटकन जळतात, आणि मग त्यांतला पोत कोणत्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. काळ्या-पिवळ्या गाडीचा हाच नियम: कॅमेरा काळा रंग पाहून फोटो उजळवतो, तुम्ही पिवळा वाचवा.

रात्री आपल्याकडच्या विजेवरचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. 1/50 किंवा 1/100 ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येत नाहीत.

पावसाळा

पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास गाडीच्या फोटोसाठी सोन्यासारखा. ओला डांबरी रस्ता दुसरा आरसा होतो. पण याच हवेत लेन्सला बुरशी धरते. तरीही याच दमट मुंबईत फोटोग्राफीची पाळंमुळं जुनी आहेत. 1854 मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात क्रियाशील होते. त्यांच्या काचेच्या प्लेटा या दमट हवेत कशा टिकल्या असतील, याचं मला कायम नवल वाटतं. आपल्याला निदान सिलिका जेल मिळतं.

डाळ-तांदळाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून वाळवा. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नका, ती ओल धरते. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं पिशवी उघडू नका, नाहीतर काचेवर दव जमतं. मरीन ड्राइव्हला लाटा उसळल्यावर खारट तुषार बसले असतील तर घरी येताच ओलसर मऊ फडक्यानं कॅमेरा पुसा, मगच कोरडं फडकं.

विचारून काढा

"काका, गाडी फार छान ठेवलीय. दोन फोटो काढू का?" एवढं पुरतं. टॅक्सीवाल्याचा तो धंद्याचा वेळ असतो, लालबागच्या गॅरेजवाल्याच्या हातात पाना असतो. थांबा. चहा झाला की मालक स्वतःच बॉनेट उघडतो. फोटो पाठवीन म्हटलं असेल तर पाठवाच. चार लोकांत दाखवताना नंबरप्लेट झाका. ट्रायपॉड मांडला की पोलीस किंवा रखवालदार हटकतात, म्हणून आम्ही तो नेतच नाही. दक्षिण मुंबईत नौदल आणि बंदराचा परिसर आहे, तेव्हा परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

घरी आल्यावर

रॉ फाइल ठेवा, दोन जागी ठेवा, आणि फाइलच्या नावात तारीख नि गल्ली लिहा. ही सवय मला उशिरा लागली. माझ्या पहिल्या वर्षांतल्या शेकडो फोटोंपैकी निम्म्यांची जागा आज मला सांगता येत नाही.

एक फोटो मात्र ओळखता येतो. गिरगावात पार्क केलेली पद्मिनी, नुकती धुतलेली. त्या दिवशी पोलरायझर विसरलो होतो म्हणून हळहळलो होतो, कारण सबंध बॉनेटवर समोरची चाळ उमटली होती: तीन मजले, लाकडी कठडे, दुसऱ्या मजल्यावर केस पुसत उभी असलेली एक बाई. पद्मिनी गेली. चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. त्या चाळीचा सरळ समोरून काढलेला एकही फोटो माझ्याकडे नाही. जी आहे ती त्या काळ्या पत्र्यावर, थोडी वाकलेली, बाईसकट.