बटाट्याची घाई

बटाट्याची पात पिवळी पडू लागली, की घरातल्या पोरांना धीर धरवत नाही. कुदळ कुणी घ्यायची, यावरून भांडणे जुंपतात. वांगी डोळ्यांदेखत मोठी होतात. बटाटा मात्र मातीखाली किती धरला आहे, हे काढणीपर्यंत कुणालाच कळत नाही. घाई होते ती त्यामुळेच.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-खेड भागात बटाटा हे मुरलेले पीक. तिथे आमच्या आजोळीही विहिरीजवळ घरापुरता बटाटा असे. एका वर्षी माघात लग्न निघाले. पाहुण्यांना घरचाच बटाटा वाढायचा म्हणून मामांनी पात हिरवी असतानाच वाफे खणले. त्यात आदल्या दिवशीच पाणी दिलेले. आजी म्हणाली, "अरे, साल अजून अंगठ्यानं सुटतीय. पंधरा दिवस दम धर." मामांनी ऐकले नाही. लग्न थाटात झाले. उरलेल्या बटाट्याची गोठ्यामागे आरण लावली. चैत्रात तिला वास सुटला. उपसली तेव्हा निम्म्याहून अधिक बटाटा पाझरत होता. पावसाळी लावणीचे बेणेही त्यातच गेले. ते विकत आणायला मामांना उसने पैसे घ्यावे लागले.

आजीच्या अंगठ्यात शास्त्र होते. पात सुकत जाते तशी जमिनीतल्या बटाट्याची साल घट्ट होते. म्हणून काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचे आणि पात कापून टाकायची. अंगठ्याने घासून साल सुटली नाही, की कोरडा दिवस पाहून खणायचे. कुदळ लागलेले बटाटे वेगळे काढून आधी भाजीला वापरायचे. बाकीचे धुवायचे नाहीत. माती वाळली की हातानेच झटकायची. मग दहा-पंधरा दिवस सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवायचे. या दिवसांत बारीकसारीक जखमा भरून येतात.

उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. ते शिजवूनही जात नाही. म्हणून हिरवट भाग खोलवर कापून काढावा. फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा सरळ टाकून द्यावा. आरणीवर जाड पाचट किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, तो सावलीसाठी आणि पाकोळीला आवरण्यासाठी. ही पाकोळी बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते आणि अळ्या आत पोखरत जातात.

फ्लॅटच्या बाल्कनीत जुन्या पोत्यात बटाटे लावले असतील, तरी नियम हेच. टोपलीत ठेवून वर गोणपाट टाका. जागा अंधारी, थंड आणि हवा खेळती हवी. प्लॅस्टिकची पिशवी नको, कांद्याचा शेजार नको. फ्रिजमध्ये पिष्टाची साखर होते. बटाटा गोड लागतो आणि तळताना काळपट होतो. आठवड्यातून एकदा टोपली उलटीपालटी करा. एक सडका राहिला, तर शेजारच्या चार जणांना नेतो.

आता मामा थकले आहेत. नातवंडे कुदळ घेऊन आली, की ते आधी एकच बटाटा उकरायला लावतात, त्यावर अंगठा घासतात आणि बहुतेक वेळा म्हणतात, "अजून आठ दिवस."