गावात दुसरा लोहार नाही

जानेवारी १९१६मध्ये ब्रिटिश संसदेने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. आयर्लंड वगळून सर्वत्र १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष त्यात आले आणि मे महिन्यात विवाहितही. सूट हवी असेल तर स्थानिक न्यायाधिकरणापुढे उभे राहायचे, तिथे निभावले नाही तर वर अपील करायचे. जूनअखेरपर्यंत जवळपास साडेसात लाख अर्ज आले. त्या काळाचा विषय निघाला की विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांबद्दल बोलले जाते. त्यांचे धैर्य मोठेच होते. पण सबंध युद्धात त्यांची संख्या सोळा हजारांच्या आसपास. उरलेल्यांत खेड्यापाड्यांतले लोहार, सुतार, गिरणीवाले, पाववाले होते आणि त्यांचे म्हणणे एवढेच की, मी गेलो तर माझे काम करायला इथे कोणी नाही.

याला पळवाट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तेव्हा शेती घोड्यांवर चालत होती. नाल झिजली की घोडा लंगडतो, बर्फावर घसरू नये म्हणून थंडीत नालेला वेगळे खिळे मारावे लागतात, फाळ बोथट झाला की नांगर अडतो. परदेशातून धान्य आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवत असताना ऐरणीवरचे हे काम युद्धाबाहेरचे कसे म्हणायचे? कोणी म्हणेल, शेजाऱ्याचा मुलगा खंदकात आणि हा घरी, शिवाय निवाडा करणारे त्याचेच गिऱ्हाईक! वशिला मुळीच चालला नसेल, असे मी म्हणणार नाही. पण तिथे लष्कराचा प्रतिनिधी बसे, उलटतपासणी घेई, निर्णय पटला नाही तर अपीलही करी. मिळालेली सूटही बहुधा काही महिन्यांपुरती. मुदत संपली की पुन्हा हजर व्हायचे. खरी झळ एकट्याने दुकान चालवणाऱ्याला बसली. सरकारने आवश्यक धंद्यांची यादी केली होती. यादीबाहेरच्या माणसाला आपली हलाखी सिद्ध करावी लागे, तीही बहुतेकदा उघड सुनावणीत. घरातले आजारपण आणि कर्ज मग स्थानिक वर्तमानपत्रात छापून येई.

युद्धानंतर, १९२१मध्ये, या न्यायाधिकरणांची कागदपत्रे नष्ट करण्याचे सरकारी आदेश निघाले. नमुन्यादाखल मिडलसेक्सची आणि स्कॉटलंडमधील लोदियन-पीबल्सची दप्तरे तेवढी राखली; इतरत्र जे वाचले ते योगायोगाने. मिडलसेक्सची अकरा हजारांहून अधिक प्रकरणे आज ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही वाचता येतात.