आफ्रिकेहून रजेवर आलेला ताप

लातूर, अहमदपूर, मुखेड, कंधार या पट्ट्यात पहाटे गाडीनं निघालात, तर रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं हमखास दिसतात. कुणाला लष्कर भरतीच्या 1600 मीटरचं टायमिंग गाठायचं असतं, कुणाला निमलष्करी दलांसाठी 5 किलोमीटर 24 मिनिटांत मारायचे असतात. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं आणि मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यानं वर्दी इथं कुणाला परकी नाही. पण याच वर्दीवर पुढं कधी निळी टोपी चढते आणि माणूस थेट काँगो किंवा दक्षिण सुदानला जातो, हे गावाला सहसा तो विमानात बसल्यावरच कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय लष्कराच्या पलटणी अनेक दशकं जात आहेत. सीमा सुरक्षा दलाच्या तुकड्या काँगोत राहिल्या आहेत. केंद्रीय राखीव पोलीस दलानं 2007 मध्ये लायबेरियात पाठवलेली फक्त महिलांची तुकडी तर जगातली तशी पहिलीच. घरच्यांना अर्थातच काळजी असते ती बंदुकीच्या गोळीची. ती खोटी नाही. 26 जुलै 2022 रोजी काँगोतल्या बुटेम्बोत हिंसक जमावाच्या हल्ल्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. तरीही शांतिसेनेचा 1948 पासूनचा हिशेब काढला, तर हल्ल्यांत जितके गेले त्याहून जास्त माणसं आजारानं गेली आहेत.

त्या आजारांतला जुना शत्रू म्हणजे हिवताप. त्याचं कोडं सुटलं तेही आपल्या जवळच आणि तेही एका लष्करी डॉक्टरच्या हातून. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादजवळ बेगमपेठला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीच्या खुणा दिसल्या. हुसेन खान नावाच्या रुग्णानं डासांकडून स्वतःला चावून घेतलं होतं, दर डासामागं एक आणा घेऊन. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यातच होतं. रॉसना 1902 मध्ये नोबेल मिळालं. हुसेन खानाला आणे मिळाले.

शोध लागला म्हणून सैन्य वाचलं, असं मात्र झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मराठा पलटणीही होत्या. तिथं 1943 मध्ये एका जखमी सैनिकामागं 120 आजारी सैनिक मागं पाठवावे लागत होते. तिथले सेनापती जनरल विल्यम स्लिम यांच्याकडं हिवताप रोखणारी मेपाक्रिन नावाची गोळी होती, पण शिपाई ती गुपचूप टाकून देत. गोळीनं कातडी पिवळी पडते हे खरं होतं; पुरुषत्व जातं ही अफवा होती, आणि चालली अर्थात अफवाच. स्लिमनी उपाय केला तो डॉक्टरी नव्हे, सरळ लष्करी. अचानक अख्ख्या तुकडीच्या तपासण्या. 95 टक्क्यांहून कमी लोकांच्या अंगात औषध सापडलं, तर कमांडिंग अधिकाऱ्याला घरचा रस्ता. तीन अधिकारी गेले आणि बाकीचे समजून चुकले. हिवतापाचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं.

शांतिसेनेच्या आजच्या छावण्यांतला आरोग्याचा कारभार शिस्तीच्या याच खुंटीवर टांगलेला आहे. जाण्याआधी पीतज्वराची लस टोचली जाते. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. परतताना तो जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात बसवतात. लसीचं काम एका सुईत संपतं. हिवतापाचं तसं नाही, तिथं रोजची मेहनत आहे. सूर्य मावळायच्या आत बाह्या खाली, पँट बुटात, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम. झोपायला औषध लावलेली मच्छरदाणी आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. शिवाय गोळी: काहींना रोज डॉक्सिसायक्लिन, काहींना आठवड्याला एक मेफ्लोक्विन. पहिली उपाशीपोटी घेतली किंवा घेऊन लगेच आडवं झालं, तर अन्ननलिका भाजून निघते, आणि उन्हात कातडीही लवकर पोळते. दुसरीनं काहींना भयंकर स्वप्नं पडतात, मन बेचैन होतं. ही अफवा नाही. अशा वेळी परस्पर गोळी बंद न करता डॉक्टरला सांगून बदलून घ्यायची असते. पण ‘मला भीती वाटते’ हे वाक्य जवानाच्या तोंडून निघणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको.

उन्हाचं आपल्याला काय, आम्ही मराठवाड्याचे, असंही एक भाबडं बळ आपल्या पोरांत असतं. लातूरच्या 42 अंशांत हवा कोरडी असते, घाम येताच उडून जातो आणि अंग थंड होतं. पावसाळ्यातल्या दक्षिण सुदानमध्ये हवाच ओली. घाम अंगावरून नुसता वाहतो, उडत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे कवायत हळूहळू वाढवतात. त्यात फुशारकी मारून धावणारा शिपाई आधी कोसळतो.

डासांशिवायही तिथं शत्रू आहेत. आफ्रिकेत एक माशी दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांत अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी कातडीखाली शिरते आणि वर गळू येतं. उपाय एकच, कडक इस्त्री. बनियन, चड्डी, मोज्यांनासुद्धा. गावाकडं लग्नाच्या शर्टालाही तांब्यात निखारे घालून भागवणाऱ्यांना हे चैनीचं वाटेल. नद्या-तळ्यांच्या संथ पाण्यात गोगलगायींतून बाहेर पडणारे जंतू असतात, ते धड कातडीतूनही आत जातात. विहिरीत मुटका मारत वाढलेल्या पोराला पाण्यापासून लांब राहायला सांगणं ही तर शिक्षाच. एचआयव्हीबद्दल घरी कुणी बोलत नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 2000 साली शांतिसैनिक आणि एचआयव्ही यांवर स्वतंत्र ठराव केला होता, इतका तो प्रश्न उघड आहे. मोठं दुखणं आलंच, तर भारतीय लष्कराच्या डॉक्टरांनी काँगोत गोमा इथं आणि दक्षिण सुदानात रुग्णालयं चालवली आहेत.

सैनिक आजारी पडतो तसा तो आजार नेतोही. हैतीत ऑक्टोबर 2010 मध्ये पटकीची साथ उसळली. शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या मीरबालेजवळच्या छावणीतलं मैलापाणी तिथल्या मोठ्या नदीच्या उपनदीत गेलं होतं आणि लोक तेच पाणी वापरत होते. जवळपास दहा हजार माणसं मेली. त्यातला आपला वाटा संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला तो 2016 मध्ये. छावणीतल्या संडासाची टाकी हाही आरोग्याचाच विषय आहे, तुकडीच्याही आणि शेजारच्या गावाच्याही.

आता रजा. माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा काळ हाच. छावणीत गोळी गिळायला लावणारा हवालदार असतो, घरी तो नसतो. डॉक्सिसायक्लिन असो की मेफ्लोक्विन, तो मुलूख सोडल्यावरही गोळी आणखी चार आठवडे घ्यायची असते, कारण शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचे परजीवी यकृतात दडून मग रक्तात उतरतात. इकडं घरात पाहुणे, कंदुरी, कुणाचं तरी लग्न. आई म्हणते, “आता घरी आलास की, कशाला खायलास त्या गरम गोळ्या?” पोरगा गोळ्या ठेवून देतो.

दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो. गावातला डॉक्टर रक्त तपासतो आणि ‘पेशी कमी झाल्यात’ असं सांगतो. आपल्याकडं पेशी कमी म्हणजे डेंग्यू, हे आता पोरासोरांनाही पाठ आहे. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत पाणी बॅरलमध्ये साठवावं लागतं, त्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळं हा संशय रास्तही असतो. पण पेशी हिवतापातही कमी होतात. आफ्रिकेतला हिवताप बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, तो मेंदूत गेला तर दोन-चार दिवसांत माणूस हातचा जातो. तिथल्या मोठ्या माणसांत लहानपणापासून चावून घेऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. आपल्या जवानात ती नसते.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर तापाआधी ‘मी काँगोहून आलोय’ हे सांगायचं, आणि जवान ग्लानीत असेल तर घरच्यांनी सांगायचं. रक्ताची काच प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासून मिळते. पहिली तपासणी कोरी आली म्हणून सुटका मानायची नाही. बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही करायची. हिवतापाच्या काही जाती यकृतात महिनोन्महिने झोपून राहतात, म्हणून वर्षभरानंतरच्या तापातही हा प्रवास सांगावा. त्या मुळापासून काढायला प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स लागतो. पण तो देण्याआधी जी-6-पीडीची तपासणी हवी. ते विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटतात.

हिवताप निघालाच, तर आरोग्य कर्मचारी शेजारच्या घरांतही रक्ताचे नमुने घ्यायला येतो. आपले डास तो परजीवी उचलून पुढं नेऊ शकतात. श्रीलंका 2016 मध्ये हिवतापमुक्त ठरली, तेव्हापासून आफ्रिकेतून परतणाऱ्या स्वतःच्या सैनिकांवर तो देश डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. आपल्या गल्लीत मात्र कर्मचारी दारात उभा राहिला की शेजारीण आधी विचारते, यांच्या पोराला झालंय, आमचं रक्त कशाला? तिला उत्तर द्यायचं काम खरं तर रजेवरच्या जवानानंच करावं. त्याचा शब्द गावात कुणी मोडत नाही.