जोर कुठून येतो

घडीचा चाकू म्हटलं की खिशातला चाकू आठवतो, नाहीतर हिंदी सिनेमातला रामपुरी. कोल्हापुरातल्या घराघरांत मिटणारं पातं रोज हाताळलं जातं ते मात्र विळीचं. लाकडी पाट, पाटाच्या टोकाला बसवलेले दोन लोखंडी कान, कानांतून आरपार गेलेला खिळा आणि त्या खिळ्यावर फिरणारं पातं. काम झालं की पातं पाटावर आडवं, धार लाकडाकडे.

विळीवर बसून चिरताना भाजी आपण पुढे ढकलतो. धारेचं तोंड आपल्याकडे असतं, म्हणून प्रत्येक कापाला पातं आपल्यापासून लांब रेटलं जातं आणि कानांमागच्या अडणीवर जाऊन टेकतं. जोर जितका जास्त तितकं पातं घट्ट उभं राहतं. कांदा-बटाटा चिरताना विळी मिटायची भीती नसते ती यामुळे. ती मिटते उलट्या जोरानं. लाल भोपळ्याची फोड अर्ध्यात अडकली आणि ती हिसक्यानं स्वतःकडे ओढली, की फोडीबरोबर पातंही खाली येऊ पाहतं, आणि त्याच्या वाटेत दोन्ही हात असतात. माझी आई अडकलेली फोड कधी ओढत नसे. पाटावरचा पाय घट्ट रोवून ती फोड पात्याच्या कडेनं वर सरकवून सोडवायची. नारळ खवताना तर जोर सरळ खाली, पात्याच्या टोकावर येतो. आणि टोक खिळ्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला झुकलेलं असतं. तिथं अडणीचा काही उपयोग नाही. खिळ्याचा घट्टपणा आणि दुसऱ्या भोकात सरकवलेली खिटी, एवढ्यावरच सगळी भिस्त.

खिशातल्या चाकूचंही गणित हेच. धारेवरचा दाब पातं उघडं ठेवतो, पाठीवरचा दाब ते बोटांवर मिटवतो. कार्ल एल्सेनर यांनी 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या साध्या खिशातल्या चाकूंना आजही कुलूप नसतं, पाठीमागची कमान पातं नुसतं धरून ठेवते. फ्रान्सच्या ओपिनेलनं 1955 मध्ये मुठीच्या गळ्याशी फिरणारं कडं बसवलं. कडं फिरवलं की त्याची फट पात्यासमोरून हटते आणि मिटायची वाट बंद होते. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या 1964 च्या चाकूत पाठीतली दांडी पात्याच्या खाचेत बसते आणि मुठीच्या पाठीवर दाबल्याशिवाय उठत नाही. आज बाजारात जास्त दिसतो तो लायनर लॉक: मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी स्प्रिंगसारखी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते. त्याला आजचं रूप 1980 च्या दशकात मायकेल वॉकर या चाकू हातानं घडवणाऱ्या कारागिरानं दिलं आणि पुढे कारखान्यांनी ते उचललं. सोय मोठी, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवून पट्टी बाजूला करावी लागते. पातं हलू लागताच अंगठा काढून घ्यायचा, ही सवय हाताला लावूनच असा चाकू वापरायला घ्यावा.

कारखाना की कारागीर, हा वाद आपल्याकडे विळीच्याच निमित्तानं नीट बघता येतो. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की कोल्हापूरच्या आसपास रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. कोयते, खुरपी, विळे तिथं डोळ्यांदेखत घडतात. आमच्या विळीचं पातं डुगडुगायला लागलं तेव्हा ती घेऊन मी अशाच एका पालावर बसले होते. तिथल्या दादांनी पातं धरून मागेपुढे हलवलं आणि म्हणाले, "ताई, पात्याला काय बी झालं न्हाई. भोक खाल्लंय."

गोल भोक झिजून लांबट झालं होतं. त्यांनी खिळ्याचं डोकं छिन्नीनं उडवलं, भोक कानसून पुन्हा गोल केलं आणि त्यात बसेल असा जाड खिळा घेतला. पात्याच्या दोन्ही अंगांना पितळी वायसर घातले. मग खिळ्याचं टोक ऐरणीवर ठोकायला घेतलं: दोनचार हलके ठोके, की पातं उघडून मिटून बघायचं, पुन्हा ठोके. एक ठोका जास्त पडला तर पातं अडकतं, कमी पडला तर डुगडुगतं. ते बघत कमी होते आणि कान देऊन ऐकत जास्त होते. घट्ट होत जाणाऱ्या खिळ्याचा आवाज बदलतो, हे मला तिथं कळलं.

शेजारी नव्या पात्याचं काम चाललं होतं. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून वहिनी घण घालत होत्या आणि त्यांचा मुलगा सांडशीत लोखंड फिरवत होता. कमानपाट्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक; धार धरायला पुरेसा आणि लवचीकपणा न जाण्याइतका. पाणी देताना पातं सगळं बुडवत नाहीत, फक्त धारेची कड बुडवतात. धार कडक होते, पाठ मऊ राहते, म्हणून पातं हाडावर आपटलं तरी तुटत नाही. कारखान्याचं स्टेनलेस पातं प्रेसमध्ये एकसारखं कापलेलं असतं. ते गंजत नाही, चिंच-कोकमानं काळं पडत नाही. पण स्वस्त विळीतलं स्टील मऊ असतं आणि त्याची धार लवकर उतरते.

माझं मत विचाराल तर पातं घिसाड्याचं घ्यावं आणि सांधा कारखान्याचा. नट-बोल्टचा सांधा घरी पान्यानं आवळता येतो, बोल्ट झिजला तर बदलता येतो, भोकं नेमक्या मापाची असतात. हातानं ठोकलेला सांधा ठोकणाऱ्याच्या कानावर अवलंबून. तो उत्तम असतो, पण बिघडला तर ते पाल पुन्हा कधी आणि कुठं पडतंय याची वाट बघावी लागते. दादांना मी हे बोलूनही दाखवलं. त्यांना ते पटलं, आणि पुढच्या विळीला बोल्ट घालून देतो म्हणाले.

विळीचं पातं मोठं असलं तरी कायद्याची भीती नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो, मात्र घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत.

खंडेनवमीला विळ्या-कोयते घासून पुजले जातात, तेव्हाच खिळ्यात तेलाचा थेंब सोडावा आणि खिटी तपासावी. विळीवरून उठताना पातं मिटूनच उठावं, भाजी दोन मिनिटांचीच राहिली असली तरी. आणि नवी विळी घ्यायला लक्ष्मीपुरीत गेलात तर दुकानदारासमोर ती पूर्ण उघडा, खिटी लावा, पाट पायाखाली दाबा आणि जाड फडकं गुंडाळून पात्याच्या पाठीवर पलीकडून आपल्याकडे हळूहळू दाब द्या. हात मात्र पातं पडेल त्या वाटेबाहेर ठेवा. पातं जरा जरी हललं तरी ती विळी बाजूला ठेवून दुसरी काढायला सांगा.